नांगर, पान, मासा, पाखरू

हल्ली पौष लागला की नगरहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्याला हुरड्याचे फलक दिसू लागतात. शेतात मांडव, बाजा, पोरांसाठी झोके, माणशी दर. माझी मुलगी दर वर्षी म्हणते, "आई, चल की एकदा." मी काहीतरी कारण काढते. कधी गुडघे, कधी दात. खरं कारण एवढंच, की आगटीत भाजणाऱ्या कणसाचा तो ओलसर, गोडूस वास आला की मला घास गिळता येत नाही. तो वास मला चौऱ्याहत्तर सालच्या सुगीत नेऊन सोडतो, खर्ड्याच्या पलीकडच्या एका काळ्या रानात. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या कपाळाला कुंकू नव्हतं.

मी भिंगारची. लष्कराच्या लायनींना लागून माझ्या वडिलांचं, नानांचं, सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायला, चाक आवळायला जवान यायचे. त्यांच्यातच एक जामखेड तालुक्यातला होता, शिकाऊ म्हणून नगरला आलेला. सायकल दुरुस्त झाली तरी तो जाईना, तेव्हा नानांनी ओळखलं आणि त्याच्या घरची चौकशी केली. भानुदास. आता घेते नाव. तेव्हा घेत नसे. 'हे' म्हणायचे. ह्यांच्या रजा मोजक्या, त्यामुळे आमचा संसार म्हणजे मधूनमधून उघडणारं दार. बाकी सगळा वेळ मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंच, काटक, नवरा लवकर गेलेला, एकटीने रान कसून मुलगा वाढवलेला. मॅट्रिक झालेली सून आणली म्हणून भावकीने नावं ठेवली, तर त्या म्हणाल्या होत्या, "शिकलेली हाय म्हनून तर आनली. मला कोन सांगनार न्हाई तर, जग कुठवर हाय ते?"

एकाहत्तरच्या डिसेंबरात बांगलादेशची लढाई जिंकल्याची बातमी गावातल्या एकुलत्या रेडिओवर आली. पाराजवळ पेढे वाटले. पोरं ते घेऊन आमच्या घरी धावत आली, कारण गावातला आमचाच माणूस तिकडे होता. आत्याबाईंनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा त्याच्यासाठी म्हणून देवापुढे ठेवला. दुसरी बातमी त्यानंतर आली. पेढ्याला तोवर मुंग्या लागल्या होत्या.

देह आला नाही. राखही नाही. चैत्रात ह्यांच्याच पलटणीतला रंगनाथ आला. शेजारच्या गावचा, ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र. उंबऱ्यातच बसला, आत येईना. आत्याबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग." तो म्हणाला, "मावशी, नदीच्या काठाला आंब्याचं मोठं झाड हाय. तितं दिला अग्नी. म्या माझ्या हातानं." आत्याबाईंनी त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि बराच वेळ स्वतःच्या गालाला लावून धरला. मला आठवतं, रंगनाथ तेव्हा ढसाढसा रडला होता. आम्हाला वाटलं, मित्राच्या आठवणीने.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल सगळ्यांनी सांगून झालंय, मी नव्याने काय सांगू? आम्ही दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. एकदा दुपारी हातोडी खाली ठेवून आत्याबाई म्हणाल्या, "मला ते झाड बघायचंय."

मी खडी फोडत राहिले.

"किती लांब हाय?"

"लई लांब. कलकत्त्याच्याही पुढं. दुसरा देश आहे आता तो."

"आसू दे. वाट आसंलच की. पर तिथं आपलं पैसं चालत्यात का?"

"नाही. त्यांचे वेगळे. नवं राज्य झालं म्हटल्यावर नाणीपण नवी पाडतील."

एवढंच मी बोलले. भूगोलाचा तास घेतल्यासारखं. आत्याबाईंनी मान हलवली आणि पुन्हा हातोडी उचलली. संध्याकाळी घरी चालताना म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या दुकानात शिपाई येत्यात ना? त्याला म्हनावं, तिकडची चिल्लर जमव. नोटा नगं. नोट मोडून मागायला मला त्यांची भाषा येत न्हाई. चिल्लर आसली की हातावर ठिवायची आन् म्होरं चालायचं. होडीवाल्याला, गाडीवाल्याला, च्यावाल्याला."

नानांना मी हे सांगितलं. त्या दिवसापासून पूर्वेकडच्या पोस्टिंगवरून नगरला आलेला जवान दुकानात टेकला की ते विचारायचे, "तिकडच्या बाजारातली काही मोड राहिलीय का खिशात?" सीमेवरच्या बाजारांत दोन्हीकडची नाणी फिरत असत. कुणाच्या पेटीच्या तळाशी, कुणाच्या जुन्या विजारीच्या खिशात एखादं निघायचं. नाना त्याचं पंक्चर फुकट काढायचे.

पहिल्या वर्षी जी आली ती जुनी होती, चंद्रकोर असलेली. आत्याबाईंनी ती उजेडात धरून बघितली आणि बाजूला सारली. "हे पळून गेलेल्या राज्याचं हाय. नव्याचं आन." अजून तिथे हीच चालतात, असं नाना म्हणाले तरी त्यांना पटेना. ज्याच्यासाठी पोरगं गेलं त्या राज्याची स्वतःची नाणी निघायला एवढा उशीर का लागावा, हे त्यांना कळायचं नाही. कधी कधी त्या चिडायच्या. "अजून साचाच घडला न्हाई व्हय त्यांचा? काय करत्यात काय?"

त्र्याहत्तरला पाऊस झाला. त्या वर्षी जोंधळा असा आला की माणूस आत शिरला तर दिसेना. पौषात कणसं दुधाने भरली आणि त्याच दिवसांत नाना नवं नाणं घेऊन आले. चौकोनी, कडा गोलसर, हातात घेतलं तर वजनच नाही. एका अंगाला पाण्यातलं कमळासारखं फूल, दुसऱ्या अंगाला नांगर. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनी अंगठ्याने तो नांगर चाचपला. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "कुळवाडीच हायेत की गं हे. आपल्यासारखे."

मग एकेक येत गेलं. पाकळ्यांसारखी कड असलेलं, त्यावर विड्याचं पान. माशाचं. पाखराचं. अक्षरं मला वाचता येत नव्हती, डोक्यावर रेघ असलेली, ओळखीची वाटून हुलकावणी देणारी. आत्याबाईंना अक्षरांची गरज नव्हती. नांगर, पान, मासा, पाखरू, या चढत्या क्रमाने त्यांनी किंमत पाठ केली. पानसुपारीची चंची रिकामी करून तिच्या चार कप्प्यांत चार जातीची नाणी ठेवली. कोरं करकरीत नाणं आलं तर त्यांचा विरस व्हायचा. झिजलेलं, मळलेलं, कडेला चेचलेलं आलं की त्या ते नाकाशी धरायच्या. "ह्याला मासळीचा वास हाय. बाजारात फिरलंय हे. चालतंय."

रोज दुपारी भाकरी खाऊन झाली की आमचा खेळ चालायचा. मी होडीवाला व्हायची. त्या बांधाच्या एका अंगाला उभ्या राहायच्या, हातातलं नाणं माझ्या तळव्यावर ठेवायच्या आणि बोट पलीकडे करायच्या. बोलायचं नाही, कारण तिथे बोलून उपयोग नव्हता. मी मान हलवली की आणखी एक. मग त्या पदर खोचून बांध ओलांडायच्या, पाण्यात पाय पडू नये तशा जपून. एकदा आमच्या चौकोनी पाच पैशांत ते नांगराचं नाणं मिसळून खर्ड्याच्या बाजारात गेलं, मिठावर. घरी आल्यावर ते ध्यानात आलं, तेव्हा त्या तेवढ्या उन्हात परत बाजारात गेल्या आणि मीठवालीच्या गल्ल्यातून शोधून आणलं. पाय भाजले होते, पण चेहरा उजळला होता.

मी या सगळ्याला का साथ देत होते? पासपोर्ट, परवाना, कलकत्त्यापर्यंतचा प्रवास, हे मला ठाऊक होतं. पण चंची घेतल्यापासून आत्याबाई जेवू लागल्या होत्या. आणि हळूहळू मलाही ते झाड दिसायला लागलं होतं. आंब्याची सावली, खाली नदी, जमिनीवर अजून काळा डाग असेल का, की गवत उगवलं असेल. झोपताना मी तिथवर जाऊन यायची.

फाल्गुनात काढणी सुरू झाली. जोंधळा मुळासकट उपटायचा. पहिल्याच दिवशी तळहात सोलवटून निघतात, मग धाटांच्या पात्यांनी मनगटाला बारीक चिरा पडतात आणि घामाने त्या चरचरतात. उपटलेल्या धाटांच्या ओळी रानभर पसरलेल्या, वरून कोरडं ऊन, आणि कणसं मोडताना निघणारा कटकट आवाज. नाना त्या दिवसांत एकदा येऊन गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुगी झाली की चल. शिक्षिकेच्या कोर्सला नाव घालू. आणि एक स्थळही आहे. बिजवर आहे, पण माणूस चांगला." मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचे हात थांबले होते.

रंगनाथ रजेवर आला तो त्याच आठवड्यात. आल्या आल्या सदरा काढून आमच्याबरोबर कणसं मोडायला बसला. त्याने मूठभर नाणी आणली होती, त्यात दोन पाखराची. आत्याबाईंनी ती चंचीत घातली, चंची त्याच्यासमोर उघडली आणि म्हणाल्या, "बग. झाली का न्हाई जान्यायेन्यापुरती? दाने घरात पडले की निघायचं. ही संगं येनार हाय. तूबी चल, रंगनाथ. रजा वाढवून घे. झाड तेवढं दाखव, मग तू माघारी फिर."

रंगनाथच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मग खाली बघत तो म्हणाला, "मावशी, झाड न्हाई."

"तोडलं व्हय कुनी?"

"न्हाई. नव्हतंच."

वारा पडला होता. माझ्या हातावरची एक चीर फुटून रक्ताचा थेंब आला, तो मी बघत राहिले.

"आमी होडीतनं पल्याड चाललो हुतो," तो म्हणाला. "सांज झालती. धुकं लई. पल्याडनं गोळा आला आन् होडी उलटली. माझ्या हाताला लाकूड घावलं. भान्याच्या पाठीवर समदं सामान हुतं. सकाळपातूर हुडकलं आमी, मावशी. काठाकाठानं. न्हाई घावला."

"आन् अग्नी?"

"न्हाई दिला."

"मंग मला तसं का सांगितलंस?"

"तुमी 'सांग' म्हनलात. तुमचं तोंड बगितलं. तोंडातनं निघून गेलं. मागनं फिरवता येईना."

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्याला पवता येत न्हवतं. शिकनार कुठं? आपल्या हिरीत पानी आसायचं कवा?" आणि चंची मिटून कमरेला खोचली, पुढचं कणीस ओढलं, मोडलं. त्या दिवशी आम्ही तिघांनी अंधार पडेपर्यंत कणसं मोडली. जाताना रंगनाथने पाणीही मागितलं नाही.

दोन-चार दिवस तसेच गेले. त्या काम करत होत्या. मला वाटलं, सहन करताहेत. मग एका सकाळी मी अंगण झाडत असताना त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात माझा करंडा. लग्नातला, मी पेटीच्या तळाशी ठेवून दिलेला.

"लाव," त्या म्हणाल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"घावला न्हाई म्हंजी मेला कशावरनं? निघाला आसंल कुठं काठाला. डोस्क्याला मार लागला आसंल, गाव आठवत नसंल. कुनीतरी घरात ठिवून घेतला आसंल. लाव कुकू. माझ्या पोराची बायको हायेस तू."

त्यांचे डोळे चकाकत होते. झाडाखालच्या राखेची आशा गेली आणि तिच्या जागी ही उगवली होती, तिच्याहून वाईट. करंड्याचं झाकण उघडं होतं. आत कुंकू वाळून चिरफळलं होतं. मला ते लावावंसं वाटलं. किती वाटलं ते आज सांगूनही कळणार नाही. बोट टेकवलं असतं तर त्या दिवसापुरतं आमचं दोघींचं घर भरलं असतं. पण मग मी उरलेला जन्म त्या ओट्यावर बसून वाटेकडे बघत काढला असता, आणि माझ्याशेजारी त्या.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "ते गेले."

दोन वर्षांत ते शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, दारात आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं. करंडा खाली ठेवला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर त्या घरात नव्हत्या. चंचीही नव्हती. पारावरचा म्हातारा म्हणाला, "नगरच्या गाडीत बसली की. मला वाटलं, तुला ठावं आसंल."

मी पाठोपाठच्या गाडीने भिंगारला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. नाना दुकानाच्या बाहेरच उभे होते. हळूच म्हणाले, "दुपारपासून बसल्यात. चहाला हात लावत नाहीत. मी काय बोलणार? विहीणबाई आहेत."

दुकानाच्या पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या, चंची मांडीवर उघडी. लायनीतून जो जवान बाहेर येईल त्याला त्या हात करायच्या. "पोरा, तिकडं जानार हायेस का? नव्या मुलखात? हे घे. तिथं लागंल तुला. नदीच्या काठाला कुनी दिसला, आपल्याकडचा, उंच, हनुवटीला खूण आसलेला, तर त्याला ह्याचं खायला दे कायतरी." आणि एक नाणं पुढे करायच्या. कुणी हसून पुढे जायचा. कुणी घ्यायचा, वाकून नमस्कार करायचा. बहुतेकांना त्यांची भाषाच कळत नव्हती. दूर दक्षिणेतला असावा, एक सावळा, कोवळा पोरगा सायकल टेकवून थांबला. त्याला वाटलं, बाई भीक मागतेय. त्याने खिशातून दहा पैसे काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

माझ्या सासूने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. दुष्काळातसुद्धा नाही.

आत्याबाईंनी ते नाणं उलटून बघितलं. आपलं, सिंहाचं. त्याच्या हातात परत दिलं, आणि त्यावर माशाचं एक ठेवलं. "तुजं तुला ऱ्हाऊ दे. हे घे." पोराने ते दोन्हीकडून न्याहाळलं. काही न समजून खिशात टाकलं आणि पायडल मारत निघून गेला. दिवेलागणीपर्यंत चारही कप्पे रिकामे झाले. मी तिथेच उभी राहिले. थांबवलं नाही.

पुढचं थोडक्यातच सांगते. जूनमध्ये मी नगरला कोर्सला आले. नोकरी लागली, यथावकाश नानांनी बघितलेल्या त्या माणसाशी लग्न झालं. तो खरोखरच चांगला निघाला. आत्याबाई पुढची सुगी बघायला राहिल्या नाहीत. भाद्रपदात तापाचं निमित्त झालं. मी पोचले तेव्हा भावकीतल्या माणसांनी सगळं उरकलं होतं. त्या नाण्यांपैकी एकही माझ्याकडे नाही. त्या देशाची नाणी नंतर कितीदा बदलली असतील, मला माहीत नाही.

पण भिंगारहून परतलो तो प्रवास सांगायचा राहिला. सकाळची पहिली गाडी होती. जामखेड रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं आणि कडब्याच्या गंजी. आत्याबाई खिडकीशी होत्या. चकाकी डोळ्यांतून गेली होती. "त्यातला येकबी तिकडं जानार न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कळतं की." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझा बाप म्हनतो ते बरं हाय. हो म्हन. मी काय आडवी येनार न्हाई." मी त्यांचा हात धरला. तळव्यावर काढणीच्या चिरा अजून ओल्या होत्या.

गाडी घाटाला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू शिकलेली हायेस. येक सांग. बुडताना मानूस हाक मारतं का गं?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण खोट्याने काय केलं होतं ते दोघींनी बघितलं होतं. "मारत असेल," मी म्हणाले.

"आईलाच मारतं ना?"

"हो."

त्या बाहेर बघत आठवत राहिल्या. ओठ हलत होते, जणू ती एकच सांज त्या बाकीच्या सांजांतून निवडून काढत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "सांजंला म्या भाकरीच थापते रोज. त्या दिवशीबी थापत आसंन. थापताना आवाज हुतो ना गं. थाप, थाप. त्येच्यात ऐकू आलं न्हाई मला."

त्या दिवसानंतर आत्याबाईंनी परातीला हात लावला नाही. मी होते तोवर भाकऱ्या मी केल्या, त्या शेजारच्या खोपटात जाऊन बसायच्या. मी नगरला आल्यावर काय खायच्या, असं मी शेजारणीला नंतर विचारलं. ती म्हणाली, "जोंधळा भरडून कन्या शिजवायच्या. नुस्त्या कन्या. त्यांचा काय आवाज न्हाई हुत."